पायांतील रक्तप्रवाहासाठी करंटचे मशीन: कुणाला उपयोगी, कुणाला नाही?

"डॉक्टर, बाबांच्या पायांसाठी ते करंटचं मशीन मागवू का?" असे नातेवाईक हल्ली बरेचदा विचारतात. अशा वेळी मी आधी पेशंटचे बूट-मोजे काढायला सांगतो आणि पावलावरची नाडी लागते का ते पाहतो. कारण पायाचा 'रक्तप्रवाह कमी आहे' असे म्हणताना दोन अगदी वेगळे आजार एकत्र केले जातात.

पहिला आजार नीलांचा, म्हणजे पायातून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांचा. हे रक्त वर चढवण्याचे काम मुख्यतः पोटरी करते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या नीला दाबल्या जातात आणि त्यांतील झडपांमुळे रक्त वरच्याच दिशेने जाते. पेशंट अंथरुणाला खिळला की हा पंप थंडावतो. मग पायावर सूज येते, कधी रक्ताची गुठळी होते.

मशीन हाच पंप चालवते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या लगत एक मज्जातंतू कातडीच्या जवळून जातो. त्याला सौम्य झटके दिले की पाऊल आपोआप हलते आणि स्नायू आवळतात. घड्याळाएवढे असे एक उपकरण आहे. ज्यांना गुठळीचा धोका जास्त आहे, पण रक्त पातळ करणारी औषधे किंवा दाब देणारी साधने चालत नाहीत, अशांसाठी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१४ मध्ये त्याच्या वापराला अनुकूल मत दिले. फिजिओथेरपीतले 'टेन्स' मात्र वेगळे. ते वेदना कमी करण्यासाठी असते. नुसत्या मुंग्या आल्या आणि स्नायू आवळलाच नाही, तर पंप चालत नाही.

दुसरा आजार धमन्यांचा, आणि खरी काळजी इथे आहे. थोडे चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबले की काही मिनिटांत जातो, पुन्हा चालले की पुन्हा येतो. मधुमेह असलेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला असे होत असेल, तर धमनी अरुंद झालेली असू शकते. ही अडचण कोणतेही मशीन मोकळी करत नाही. घरी झटके घेण्यात महिने जातात आणि तेवढ्यात अंगठा काळा पडू लागतो.

तपासणी सोपी आहे. घोट्याचे आणि दंडाचे बीपी मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ किंवा त्याहून कमी आले तर धमनीचा आजार समजतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून कधी डॉपलर लागते. उपचारात तंबाखू बंद, औषधे आणि चालणे. दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान ३ दिवस, निदान ३ महिने. मशीनपेक्षा माझा भरवसा यावर जास्त आहे. मात्र पावलावर जखम असेल किंवा बसल्याजागीही पाय दुखत असेल, तर चालण्याचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पेसमेकर असेल, गर्भारपण असेल, किंवा जिथे पॅड लावायचे तिथे जखम असेल, तर विचारल्याशिवाय मशीन लावू नका. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर कातडी भाजली तरी कळत नाही. एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी गरम आणि दुखरी झाली, तर गुठळी असू शकते. मशीन बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पाय एकाएकी थंड, पांढरा पडून असह्य दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. असा पाय वाचवायला हातात काही तासच असतात.