‘दिब्बूक’ : एक धातू, तीन अर्थ आणि एक चित्रपट

मिखाऊ वाशिन्स्की याने १९३७ साली पोलंडमध्ये यिडिश भाषेत दिग्दर्शित केलेला ‘दिब्बूक’ हा चित्रपट सामान्यतः भयपटांत गणला जातो. मृत प्रियकराचा आत्मा वधूच्या देहात शिरतो, हे कथासूत्र पाहता ते वर्गीकरण चुकीचे नव्हे. परंतु ते अपुरे खचित आहे. त्याचे कारण शीर्षकाच्या व्युत्पत्तीतच सापडते.

‘दिब्बूक’ हे द-ब-क या हिब्रू धातूपासून साधलेले नाम होय. धातूचा मूळ अर्थ चिकटणे, जडणे. बायबलमधील उत्पत्तीच्या ग्रंथात पतिपत्नीच्या ऐक्यासाठी हाच धातू योजिला आहे. हसिदी संप्रदायात भक्ताच्या ईश्वराशी होणाऱ्या तादात्म्यास ‘द्वेकूत’ म्हणतात. तेही रूप याचेच. पिशाचवाचक अर्थ मात्र उत्तरकालीन आहे. सोळाव्या शतकात साफेद येथील इसाक लुरियाच्या शिष्यवर्गात पुनर्जन्मविचार दृढ झाला. पापामुळे गती न लाभलेला जीव जिवंत देहाचा आश्रय घेतो, ही समजूत त्याच्याशी निगडित आहे. पुढे ‘दुष्ट आत्म्याचे जडणे’ या शब्दसमूहाचा संक्षेप झाला आणि सतराव्या शतकात क्रियेचे नाम हेच कर्त्याचे नाम बनले.

मराठी वाचकास हा अर्थविस्तार परका वाटू नये. ‘समाधी लागणे’ आणि ‘भूत लागणे’ यांत क्रियापद एकच आहे. ‘लग्न’ हा शब्दही त्याच ‘लग्’ धातूचा. मात्र तो ज्योतिषातील मुहूर्ताच्या वाटेने विवाहार्थास पोचला.

चित्रपटाचा आधार एस. आन्स्की याचे नाटक होय. आन्स्कीने १९१२ ते १९१४ या काळात व्होल्हिनिया व पोडोलिया या प्रांतांतील ज्यू वस्त्यांत लोकसाहित्याचे संकलन केले होते. त्याच्या निधनानंतर महिन्याभरातच, डिसेंबर १९२० मध्ये, नाटकाचा पहिला प्रयोग वॉर्सा येथे झाला.

सेंदेर आणि निसन हे मित्र आपल्या भावी अपत्यांच्या विवाहाचे वचन परस्परांस देतात. निसन मरण पावतो. सेंदेर धनवान होऊन वचन विसरतो. निसनचा पुत्र खोनेन हा सेंदेरच्या लेआवर अनुरक्त होतो, गूढविद्येच्या साधनेत देह ठेवतो आणि तिच्या विवाहसमयी तिच्या ठायी संचार करतो. येथे धातूचे तिन्ही अर्थ एकवटतात : नाकारलेले पतित्व, अतिरेकास गेलेली साधना आणि त्यांतून उद्भवलेली बाधा. म्हणूनच मिरोपोलचा रब्बी केवळ मंत्रप्रयोग करीत नाही; तो प्रथम मृत निसनच्या तक्रारीचा न्यायनिवाडा करतो. बाधेचे मूळ मोडलेल्या शब्दात आहे, हे त्यास ठाऊक आहे. अखेर आत्मा निघून जातो. तथापि लेआही मृत्यूच्या द्वारे त्यास जाऊन मिळते. देहापासून जे सुटले, ते जीवापासून सुटत नाही.

चित्रीकरणानंतर दोनच वर्षांनी जर्मन आक्रमण झाले आणि पुढील संहारात पोलंडमधील सुमारे ३० लाख ज्यू मारले गेले. ज्या भाषेत हा धातू व्यवहारात नांदत होता, तिचे तेथील जग त्यांच्याबरोबर लोपले. त्या भाषेचा उच्चार आणि त्या समाजाचे विधी या चित्रफितीत उरले आहेत. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तिचे मोल भयरसाहून अधिक आहे, ते यामुळेच.