संगणकाचा परवाना अचानक अमान्य का ठरतो?

मदरबोर्ड बिघडला, दुरुस्तीवाल्याने नवा बसवला, संगणक सुरूही झाला. मात्र पडद्याच्या कोपऱ्यात ‘विंडोज सक्रिय करा’ अशी फिकट अक्षरे उमटली. जयपूरचे आदर्श नगर असो वा सांगलीतील एखादी वसाहत, घरगुती संगणक वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पैसे मोजून घेतलेला परवाना गेला कुठे, असा प्रश्न मग साहजिकच पडतो.

परवाना बहुधा गेलेला नसतो. तो ज्या यंत्राच्या नावे नोंदला गेला, ते यंत्र कंपनीच्या सर्व्हरला ओळखू येत नाही, एवढेच. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपीसोबत घरगुती ग्राहकांवर सक्रियीकरणाचे बंधन घातले. त्यासाठी प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड आदी १० घटकांवरून यंत्राची ओळख ठरविली जाई आणि ३० दिवसांची मुदत मिळे. पुढील आवृत्त्यांत मदरबोर्डला सर्वाधिक महत्त्व आले. म्हणूनच रॅम वाढविली तर सहसा काही होत नाही, मदरबोर्ड बदलला की अडचण येते.

दोष प्रत्येक वेळी ग्राहकाकडेच असतो असेही नाही. ऑगस्ट २००७ मध्ये कंपनीच्याच सर्व्हरमधील चुकीमुळे हजारो अस्सल प्रती बनावट ठरल्या होत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये विंडोज १० प्रो वापरणाऱ्या अनेकांना तसाच अनुभव आला. सुटा भाग बदललेला नसताना संदेश आला, तर एखादा दिवस थांबणे हिताचे.

विंडोज १० व ११ मध्ये परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडण्याची सोय आहे. ती २०१६ मध्ये आली. जोडणी आधी केलेली असल्यास सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’ विभागात जाऊन ‘ट्रबलशूट’ निवडावे, सुटे भाग बदलल्याचा पर्याय घ्यावा आणि खात्यातील यादीतून आपला संगणक निवडावा. आवृत्ती मात्र तीच हवी. होमच्या परवान्यावर प्रो सक्रिय होत नाही.

खरी मेख परवान्याच्या प्रकारात आहे. स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, अर्थात एका वेळी एकाच. संगणकासोबत आलेला परवाना त्या यंत्रापुरताच असतो. तिसरा प्रकार कार्यालयांसाठीच्या सामूहिक परवान्याचा. त्यातील एका पद्धतीत संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क तुटल्यास १८० दिवसांनी सक्रियता संपते. जुळवून घेतलेल्या संगणकात दुकानदाराने असा परवाना घातला असेल, तर सहा महिन्यांनी तो ‘हरवणारच’. तेथे नवा घेण्यावाचून उपाय नाही.

सक्रियता गेल्याने छायाचित्रे वा कागदपत्रे पुसली जात नाहीत. वॉलपेपर व रंगसंगती बदलण्यासारख्या काही सोयी तेवढ्या बंद होतात. त्यामुळे ‘फॉरमॅट करावे लागेल’ असा सल्ला मिळाल्यास आधी माहितीची प्रत काढून घ्यावी.

परवाना संपल्याचे सांगून कोणी आपणहून दूरध्वनी केला व संगणकाचा दूरस्थ ताबा मागितला, तर तो देऊ नये. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.