भिंतीची भेग कशी वाचाल?

जुन्या विटांच्या घरात भेग दिसली की लगेच गिलावा मारू नका. आधी ती वाचा. केसासारखी बारीक भेग बहुधा गिलाव्यातलीच असते. पण विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग दिसली, तर पाया खचल्याची शंका घ्यावी. काळ्या मातीवरच्या घरांत हे फार. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून एकदाच मोजून भागत नाही. भेगेच्या टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि दर महिन्याला रुंदी पट्टीने मोजा. (मुलांनाच मोजायला लावा, मिलिमीटरचा सराव होतो!) रुंदी वाढतच चाललीय, ५ मिमीच्या वर गेलीय किंवा भिंत बाहेर फुगलीय? मग मोजणं थांबवा, त्या भिंतीलगत मुलांची अंथरुणं घालू नका आणि इंजिनिअरला बोलवा. गवंडी नुसती भेग बुजवून जाईल.