'सरण', 'शरणार्थी' आणि 'निर्वासित'

सन 1947 नंतर सिंधमधून आलेले लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरले, तेव्हा मराठीने त्यांना 'निर्वासित' म्हटले; हिंदीने अशाच लोकांना 'शरणार्थी' म्हटले. 'निर्वासित' म्हणजे ज्याला वसतिस्थानातून बाहेर घालविले तो. या शब्दात घालविणाराही सूचित होतो. 'शरणार्थी' म्हणजे आसरा मागणारा. त्यात याचक तेवढा दिसतो, त्याला हाकलणारा दिसत नाही. आमच्या मते येथे मराठी शब्द अधिक प्रामाणिक आहे.

मात्र 'शरण' शब्दाची मराठीने हानी केली आहे. 'शत्रू शरण आला' या प्रयोगामुळे त्रिसरण म्हणजे बुद्धापुढे पत्करलेली शरणागती, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. 'शरण' या शब्दाचा मूळ अर्थ आसरा, संरक्षण, घर असा आहे. (पालि 'सरण' या रूपात संस्कृत 'स्मरण'ही मिसळले आहे, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.) अट्ठकथाकार 'सरण' शब्द हिंसार्थक धातूपासून साधतात: सरण गेलेल्याचे भय व दुःख जे नष्ट करते, ते सरण. धम्मपदाच्या 188 ते 192 या गाथांतही आरंभ भयापासूनच आहे. भ्यालेली माणसे पर्वत, वने, वृक्ष, चैत्ये यांचा आश्रय घेतात. तथागत त्यांना तो आसरा सुरक्षित नसल्याचे सांगून चार आर्यसत्यांच्या दर्शनाकडे वळवितात. तेथे 'जाणे' हे क्रियापद आहे. जाणारा स्वतः समजून जातो.

इंग्रजी 'रेफ्युजी' शब्द फ्रेंचमधून आला. 1685 मध्ये चौदाव्या लुईने धर्मस्वातंत्र्याचा नांतचा आदेश रद्द केल्यावर फ्रान्समधून पळालेल्या प्रॉटेस्टंटांसाठी तो इंग्रजीत रुळला. 1951 च्या आंतरराष्ट्रीय कराराने वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट वा राजकीय मत यांमुळे होणाऱ्या छळाचे साधार भय ही निर्वासिताची खूण ठरविली. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही.

या व्याख्येची अडचण बौद्ध चकमांच्या बाबतीत स्पष्ट दिसते. कर्णफुली नदीवरील काप्ताई धरणाने चितगाव डोंगरी प्रदेशातील त्यांची शेते बुडविली. त्यात धार्मिक छळाची भर पडली आणि 1964 पासून हजारो चकमा भारतात आले. त्यांना ईशान्य सीमा प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचलात वसविण्यात आले. पाण्याने उठविलेला माणूस 'विस्थापित', छळाने पळालेला 'निर्वासित'. मग एकाच कुटुंबाला काय म्हणावे? पुढे त्यांना अरुणाचलातूनही घालविण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या 21 व्या कलमाचा आधार घेतला. जीविताचे संरक्षण नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाला आहे, असे सांगून त्यांना बळाने हुसकावू देऊ नये, असा आदेश न्यायालयाने राज्याला दिला.