टाकी उभी राहिली, पण विहिरीचं काय?

एप्रिलच्या अखेरीस तालुक्यातील एका गावी जाणे झाले. वरच्या आळीला नवी कोरी टाकी, रंग अजून ताजा. आणि टाकीच्या सावलीतच टँकरसाठी हंड्यांची रांग. पारावरच्या एका आजोबांना विचारले, तर म्हणाले, "पाणी आलं की! उद्घाटनाला आलं, होळीपर्यंत आलं. मग विहिरीनं तळ दाखवला." गावाचे नाव छापून शोभा करायची नाही. अशी गावे आणखीही आहेत.

उद्भव विहिरीची क्षमता चाचणी झाली होती म्हणे, पण डिसेंबरात. डिसेंबरात कुठल्या विहिरीला पाणी नसतं? १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर लागणार. तेवढे पाणी विहीर मे महिन्यात देते का, हे मे महिन्यातच बघायला हवे. सलग उपसा करायचा, पातळी किती उतरली आणि किती तासांत पुन्हा चढली, त्याची नोंद ठेवायची. शेतकऱ्याला हे शिकवायला नको. स्वतःच्या मळ्यात मोटार टाकताना तो हेच करतो. गावाच्या विहिरीच्या वेळी मात्र सगळे साहेबांकडे बघत बसतात.

दुसरी अडचण भाऊबंदकीची. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, अशी तरतूद राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्यातच आली. पण शेजारच्या रानात बोअरची गाडी लागली, की सांगायला जायचं कोणी? सरपंचाचाच चुलता असतो बहुधा!

काम सुरू झाल्यावर लक्ष टाकीवर जाते, कारण ती दिसते. टाकीच्या काँक्रीटला पाणी मारले जाते की नाही, हे बघावेच. पण खरा पैसा जमिनीखाली जातो. म्हणून अंदाजपत्रकाची आणि नकाशाची प्रत कार्यारंभ आदेशाबरोबरच ग्रामपंचायतीने मागून घ्यावी. चर किती खोल लिहिला आहे आणि खणला किती, हे साध्या टेपने मोजता येते. पाइपचा व्यास आणि मार्का पाइपवरच छापलेला असतो. पाइपात दाबाने पाणी भरून गळती तपासल्याशिवाय चर बुजवू देऊ नये. एकदा माती पडली, की मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले ते खरे मानण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

यासाठीच गाव पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. दहा ते पंधरा सदस्य, त्यांत निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी बैठक होत नाही, रजिस्टरच सह्यांसाठी घरोघर फिरते. वास्तविक कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही, हे त्या बायकांना शाखा अभियंत्याच्या आधी कळते.

आता विजेचे बिल. साडेसात अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला, तर साधारण ३४ युनिट जळतात. मोटारीतली घट धरली तर जास्तच. महिन्याचे झाले हजारावर युनिट. आपल्या बिलावरचा दर बघा, गुणाकार करा, चारशे घरांत वाटा. त्यात ऑपरेटरचा पगार, टीसीएल पावडर आणि दुरुस्ती मिळवा. जो आकडा येईल, तो योजना मंजूर होतानाच ग्रामसभेत सांगावा. पाणीपट्टी नंतर वाढवली, की "फुकटचं पाणी महाग केलं" म्हणून ओरड होते. वसुली होत नाही, बिल थकते आणि जोडणी तुटते.

मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. ज्यांची कामे अर्धवट आहेत, त्यांना विहिरीचा एखादा उन्हाळा बघायला अजून सवड आहे. योजना ताब्यात घेण्याची सही मात्र घाईने करू नये. शेवटच्या घरापर्यंत काही दिवस सलग पाणी जाऊ द्यावे, मगच ठराव.

निघताना त्या गावच्या पाणी सोडणाऱ्या पोराला विचारले, व्हॉल्व्ह किती आणि कुठे? तो म्हणाला, "आधीच्या माणसाला ठाऊक होतं. तो पुण्याला गेला." कार्यालयातही नकाशा सापडला नाही. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही ग्रामसेवकच, त्यांनी कंत्राटदाराला पत्र लिहायला घेतले होते.