टाकीतील बुरशीचे पीक

मोहफुले भिजत घातली म्हणजे आंबतात, हे चंद्रपूर-गडचिरोलीकडील शेतकरी बंधूंस आम्ही सांगावयास नको. ते काम यीस्ट नामक सूक्ष्म बुरशीचे होय. दुसरी एक बुरशी, पेनिसिलियम, बंद टाकीत शर्करा व हवा देऊन वाढविली असता पेनिसिलीन देते. पुण्याजवळ पिंपरी येथील सरकारी कारखान्यात हे पीक १९५५ साली निघू लागले.

पुढे बियाणे सुधारावे तशी शास्त्रज्ञांनी बुरशीच सुधारली. मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातील जंतूचा एक जनुक त्यांनी तीत घातला. अशा बुरशीस अॅडिपिक आम्ल पुरविले की ती ज्या द्रव्यास जन्म देते, त्यापासून सेफॅलेक्सिन हे औषध बनते. पूर्वी पेनिसिलीनवर तीव्र रसायनांची क्रिया करून हाच पालट घडवीत. हॉलंडातील डेल्फ्ट येथे या शतकाच्या आरंभी नवी रीत कारखान्यात आली, व रसायनांचा खर्च आणि घाण पुष्कळ कमी झाली.

परका जनुक म्हणून भिण्याचे कारण नाही. बुरशी गाळून काढतात व औषध शुद्ध करूनच बाहेर येते. भय निराळेच आहे. विनाकारण वा अपुऱ्या मात्रेत औषध दिल्याने रोगजंतू त्यास दाद देईनासे होतात. मग टाकीतील पीक कितीही येवो, ते व्यर्थच. यास्तव पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून जनावरास असे औषध टोचू नये, आणि त्याने सांगितलेली मुदत संपेपर्यंत दूध विकू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.