कागदावरचे कारण

आमच्या साताऱ्याकडे पलटणीत माणूस नाही असे गाव विरळाच. परवा मागच्या गल्लीतल्या एक वहिनी हातात जुने पत्र घेऊन आल्या. ‘‘बाई, एवढं वाचून सांगा.’’ त्यांचे यजमान उंच डोंगरावरच्या ठाण्यावर असताना हृदयविकाराने गेले. मृत्यूचा लष्करी सेवेशी संबंध नाही, एवढाच पत्राचा मजकूर. ‘‘पेन्शन तर येतंय की,’’ म्हणून वहिनींनी ते ट्रंकेत ठेवून दिले होते!

इथेच आपण फसतो. पेन्शन-पेन्शनमध्ये फरक असतो. सेवेशी संबंध नसलेल्या मृत्यूला साधी फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. नोकरीत असताना निधन झाले तर पहिली १० वर्षे ५० टक्के मिळतात, म्हणून काही जाणवत नाही. मुले कॉलेजात जाऊ लागतात आणि नेमकी तेव्हाच रक्कम घटते. आजार सेवेमुळे जडला किंवा बळावला असे मान्य झाले, तर मात्र स्पेशल फॅमिली पेन्शन ६० टक्के असते. युद्धात मृत्यू आल्यास पूर्ण पगाराइतकी.

मग करायचे काय? नकार कारणांसह लेखी मागावा. मृत्यूचा दाखला, इस्पितळाचे कागद, कुठे कुठे बदली झाली त्याची नोंद आणि भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी जमवावी. हा शेवटचा कागद फार मोलाचा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असे धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या अपंगत्व-पेन्शनच्या खटल्यात म्हटले. नियम २०२३ मध्ये बदलले आहेत; आपल्याला कोणते लागू ते आधी विचारून घ्यावे. अर्ज कसा लिहायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. आधी अपील करावे, आणि तिथेही नकार आला तर मुंबईत सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे.

मात्र उशीर करू नये. उशिरा गेल्यास थकबाकी बहुधा मागच्या ३ वर्षांचीच मिळते.

वहिनींचा अर्ज आम्ही दोघींनी बसून लिहिला. सही करताना त्या म्हणाल्या, ‘‘पैसे मिळोत न मिळोत, ते नोकरीपायी गेले एवढं तरी कागदावर येऊ दे.’’

भगिनींनो, तुमच्याही ट्रंकेत असे एखादे पत्र असेल, तर आजच बाहेर काढा.